दहावी जागा

शाळेत त्यांना शिट्टीबाई म्हणत. पोरं म्हणायचीच, पण एकदा भर सभेत मुख्याध्यापकांच्या तोंडूनही "आपल्या शिट्टीबाई" असं निसटलं आणि ते जीभ चावून गप्प बसले. बाईंनी राग मानला नाही. एकतीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभं राहिलेल्या बाईला लोक काय कोकिळा म्हणणार?

कवायत, खेळ, धावण्याच्या शर्यती हे सगळं त्या शिकवायच्या, पण त्यांची खरी ख्याती होती ती मोजणीची. सहल म्हटली की मोजणी बाईंकडे. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही मूल हरवलं नव्हतं. चित्रकलेच्या सरांनी एकदा वस्तुसंग्रहालयात एका मुलीला विसरून बस निम्म्या वाटेपर्यंत नेली होती, आणि तेव्हापासून तर बाईंच्या मोजणीला शाळेत कायद्याचं वजन आलं. त्यांची पद्धत ठरलेली. मुलं चढताना पुढून मागे मोजायची, बसली की मागून पुढे मोजायची, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट टेकून म्हणायचं, "आणि मी एक्केचाळीस." बसवाल्याला गाडीतली एकूण डोकी लागत, बाईंसकट. तिथून ती सवय पडली. स्वतःला मोजल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलू दिली नाही.

राहायच्या त्या एका कपडेधुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, थोरल्या बहिणीबरोबर. ताई टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून देता देता निवृत्त झालेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाईंनी तर लग्नच केलं नव्हतं. ताईची जीभ तिखट होती. "जन्मभर दुसऱ्यांची बोलणी ऐकली, आता माझी पाळी," असं म्हणायची आणि आपली पाळी काही संपू द्यायची नाही.

साथ आली तेव्हा बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आधी सगळंच बंद झालं. मग सरकारला वाटलं, सगळं कायमचं बंद ठेवता येत नाही आणि सगळं उघडताही येत नाही, म्हणून पाच स्तर ठरवले. आजार कमी असला तर पहिला स्तर, जवळजवळ सगळं उघडं. दुसऱ्यात दुकानं निम्म्या गर्दीवर. तिसऱ्यात दुकानं चारपर्यंत, समारंभाला पन्नास, अंत्यविधीला वीस. चौथ्यात फक्त गरजेची दुकानं, समारंभ बंद, अंत्यविधीला दहा. पाचव्यात रस्तेही बंद, आणि माणसाला निरोप द्यायला पाच जण. शुक्रवारी संध्याकाळी आजाऱ्यांचे आकडे जाहीर व्हायचे आणि सोमवारपासून शहराचा स्तर बदलायचा.

"ढ पोरगासुद्धा वर्षाला एकदाच वर्ग बदलतो," ताई म्हणाली. "आपलं शहर दर सोमवारी बदलतं. तेही खालच्या वर्गात."

"ताई, त्यात हसण्यासारखं काही नाही."

"म्हणूनच हसते. रडण्यासारखं असतं तर तुझ्या वाट्याला आलं असतं."

शाळा बंद होत्या, तेव्हा शिक्षकांना कामाला लावलं. कुणाला घरोघर तापमान घ्यायला, कुणाला नाक्यावर परवाने तपासायला. बाईंना, अर्थातच, मोजणीला. गळ्यात शिट्टीच्या जागी ओळखपत्र आलं, हातात अर्जांचा गठ्ठा आणि नियमांचा एक कागद. कागद पातळ होता, दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढच्या बाजूला स्तरांचा तक्ता, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत टिपा. बाईंनी पहिल्या संध्याकाळी तो दोन्हीकडून वाचला. मग रोज पिशवीतून काढघाल करून चोळामोळा होईल म्हणून त्यांनी जाड पुठ्ठ्यावर खळ लावून तो नीट चिकटवला, तक्त्याची बाजू वर, आणि वरून प्लास्टिकचं आवरण घातलं. साहेबांनी कचेरीत तो पुठ्ठा वर धरून बाकीच्यांना दाखवला. "हे बघा. शिका काहीतरी."

तिसरा स्तर होता तेव्हा बाईंचा फेरा बाजारातून असायचा. शिंपी, चष्म्याचं दुकान, व्यायामशाळा, केस कापायचं दुकान. आत किती माणसं आहेत ते मोजायचं, लिहायचं, जास्त असतील तर बाहेर काढायचं. केस कापणाऱ्याच्या दुकानात मर्यादा पाचाची. बाई दारातून आत आल्या की मोजायच्या आणि शेवटचं बोट स्वतःवर टेकवायच्या.

"सहा. एक जण बाहेर या."

"अहो बाई," तो कात्री हवेत धरून म्हणायचा, "आत पाचच होते. तुम्ही आलात म्हणून सहा झाले. तुम्ही काय केस कापून घ्यायला आलात का?"

"आत पाच म्हणजे पाच. मी काय भूत आहे, मला मोजायला नको?"

"भूत परवडलं. भुताला खुर्ची तरी लागत नाही!"

दुकान हसायचं, अर्ध्या दाढीला फेस लावलेला कुणीतरी उठून दोन मिनिटं पायरीवर उभा राहायचा, बाई लिहून निघून जायच्या. कुणाचं काही बिघडायचं नाही. बाईंना तर आतून बरंच वाटायचं. दुसऱ्याला नियम लावणारे पुष्कळ असतात, आपण तो आधी स्वतःला लावतो.

मग शहर चौथ्या स्तरात गेलं. बाजार बंद झाला आणि बाईंची नेमणूक स्मशानभूमीच्या फाटकावर झाली.

तिथलं काम वेगळं होतं. फाटकाशी लोखंडी जाळी, आत वीस पावलांवर एक उघडा मंडप, मंडपाच्या मागे दाहिनीची इमारत. गाडी यायची, देह चाकांच्या पाटावर मंडपात आणायचे, जवळची माणसं सहा सहा फुटांवर उभी राहायची, पंधरा मिनिटं मिळायची, की पाट आत. मग पुढची गाडी. मोजणीदाराने फाटकावर दहा माणसं मोजून आत सोडायची, वहीत त्यांची नावं घ्यायची आणि पंधरा मिनिटं मंडपाच्या खांबाशी उभं राहायचं. आत गेलेला माणूस बाहेर काढून त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही, असं एक कलम मागाहून आलं होतं. पहिल्या आठवड्यात लोक पाळीपाळीने आत-बाहेर करू लागले होते आणि दहाचे साठ झाले होते.

फाटकावरचे पहारेकरी काका तिथे बावीस वर्षं होते. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना एक स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा. इथे उभ्याने दिवस निघत नाही."

बाई बसल्या नाहीत. शर्यतीच्या रेषेवर उभ्या राहाव्यात तशा त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी सात गाड्या आल्या, दुसऱ्या दिवशी अकरा. रडणाऱ्या माणसाला नाव विचारायचं, नातं विचारायचं, आणि वेळ संपल्यावर पोचलेल्याला हात आडवा करून थांबवायचं. ज्यांना थांबवलं त्यांतल्या एकाने बाईंच्या ओळखपत्रावर थुंकू पाहिलं होतं, पण तोंडावर मुखपट्टी असल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो तसाच रडायला लागला. बाई संध्याकाळी घरी येऊन हात कोपरापर्यंत धुवायच्या आणि जेवायच्या. ताई त्या दिवसांत फार बोलायची नाही, ताट वाढायची. यावरून काय ते समजावं.

मंगळवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराची गाडी आली. बरोबर त्याचा मुलगा, सून, धाकटा भाऊ, दोन शेजारी, दुकानातला जोडीदार आणि तीन जुनी गिऱ्हाइकं. बाईंनी सोडताना मोजले, मंडपात उभे राहिल्यावर मागून मोजले, बोट छातीवर टेकलं. दहा. फाटक लावून घेतलं.

सात-आठ मिनिटं झाली असतील. काकांनी फाटकावरून हाक मारली. जाळीपलीकडे चाळिशीची एक बाई उभी होती, खांद्याला प्रवासाची पिशवी, केस विस्कटलेले. तिच्या हातात नाक्यावरचा शिक्का मारलेला परवाना होता.

"मी मुलगी त्यांची," ती म्हणाली. "परगावाहून आले. नाक्यावर दोन तास अडवलं होतं."

बाई म्हणाल्या, "दहा झालेत."

"मी मुलगी आहे हो."

"कळलं मला. पण दहा झालेत आणि आतला माणूस बदलता येत नाही. मी दोनदा मोजलेत."

काका मधे पडले. "बाई, सोडा ना. एक माणूस. मी काही पाहिलं नाही, तुम्ही काही पाहिलं नाही."

"काका, आज एक सोडला की उद्या मला कुणालाच अडवता येणार नाही. काल तो मुलगा आईसाठी आला, वेळ संपली म्हणून अडवलाच ना मी? त्याला काय सांगू?"

मुलगी ओरडली नाही, हेच बाईंना पुढे आठवत राहिलं. ती जाळीला धरून मंडपाकडे बघत होती. तिथून फक्त पाठी दिसत होत्या. तिचे ओठ मुखपट्टीच्या आत हलत असावेत, कारण जरा वेळाने ती म्हणाली, "आत नऊच आहेत."

"दहा आहेत."

"मला नऊ दिसतात. दहावं कोण?"

"मोजलेत मी," बाई म्हणाल्या, आणि मागे वळून मंडपात गेल्या, कारण मोजणीदाराला खांब जास्त वेळ सोडायची परवानगी नव्हती.

पाट आत गेला. दार बंद झालं. माणसं बाहेर पडली तेव्हा मुलगी भावाच्या समोर जाऊन उभी राहिली, पण दोघांत सहा फूट होते आणि पुढची गाडी फाटकाशी येऊन थांबली होती. काकांनी, ज्यांना आत सोडलं नाही त्यांच्या यादीत तिचं नाव आणि वडिलांचा पत्ता लिहून घेतला. तसा नियम होता.

त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दिवसभराचे अर्ज उतरवायला बसल्या. प्रत्येक अंत्यविधीला एक अर्ज, प्रत्येक अर्जावर दहा ओळी, ओळीत नाव आणि मृताशी नातं. इतर विधींना लोक मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी येत, भीतीनेच. तिथे चार-पाच ओळी भरून खाली रेघ मारली की झालं. कारागिराच्या अर्जावर त्यांनी पहिलं नाव लिहिलं, मुलगा. दुसरं, सून. तिसरं, भाऊ. नववं लिहिलं, गिऱ्हाईक. दहाव्या ओळीवर पेन टेकवलं आणि वहीकडे पाहिलं. वहीत नववं नाव शेवटचं होतं.

त्यांनी वही उलटी-सुलटी केली. पान चिकटलं नव्हतं. मग पेन दहाव्या ओळीवर तसंच धरून त्या बसून राहिल्या. त्या ओळीवर लिहायला एकच नाव उरलं होतं आणि नात्याच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं.

"काय गं?" ताई म्हणाली. "शाई संपली?"

"किटली ठेव."

"चहा आत्ताच झाला."

"चहाला नाही. वाफ पाहिजे."

ताईने किटली ठेवली. बाईंनी पुठ्ठ्यावरचं प्लास्टिक काढलं आणि वाफेवर धरून, बोथट सुरीने, नियमांचा कागद कोपऱ्यापासून सोडवायला घेतला. खळ घट्ट बसली होती. कागद दोन ठिकाणी फाटला. मागच्या बाजूच्या टिपा ओल्या होऊन निम्म्या पुठ्ठ्यावरच राहिल्या, पण चौथी टीप वाचता आली. ताईने चष्मा लावून मोठ्याने वाचली, कारण बाई वाचत नव्हत्या.

"'उपस्थितांच्या संख्येत कर्तव्यावरील कर्मचारी धरू नयेत.'" ताईने चष्मा काढला. "मग? तू काय केलंस?"

बाईंनी सांगितलं. जाळीपलीकडच्या मुलीचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं.

ताईने किटली उतरवली. मग म्हणाली, "जेवून घे."

बुधवारी सकाळी बाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांच्या टेबलावर तीन फोन होते आणि तिन्ही वाजत होते. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं.

"बाई, जास्त सोडले असतेत तर नोटीस आली असती. कमी सोडलेत. कमी सोडल्याबद्दल आजवर कुणी कुणाला जाब विचारलाय?"

"पण साहेब, तिची जागा होती."

"तिची, याची, त्याची... शंभर लोक गेलेत या आठवड्यात. अर्जावर नऊ लिहा. विषय संपला." फोन उचलताना ते म्हणाले, "आणि हे बाहेर बोलू नका. तुमच्या एकतीस वर्षांच्या नोंदीत एक डाग नाही. आता कशाला लावून घेता?"

बाईंनी नऊ लिहिलं. ते खरंच होतं. पण जाळीपलीकडच्या मुलीला त्या दहा म्हणाल्या होत्या, आणि तो आकडा दुरुस्त करायची जागा कुठल्याच अर्जावर नव्हती.

शुक्रवारी आकडे जाहीर झाले. सोमवारपासून पाचवा स्तर. रस्ते बंद. म्हणजे परगावचा माणूस रविवारपर्यंत गेला तर गेला, नाहीतर अडकला. मुलगी रविवारी जाणारच. बाईंनी काकांच्या यादीतून पत्ता उतरवून घेतला.

"जाऊ नकोस," ताई म्हणाली. हा वाद शनिवारी सकाळी, जिन्याच्या दाराशी. "तिचं दुःख तिला आहे. तू जाऊन त्यात आणखी काडी घालणार."

"तिला ठाऊक असायला हवं."

"तिला की तुला? आत्ता ती नियमाला शिव्या देत असेल. नियमाला शिव्या दिल्या तर परत कुणी येत नाही, मन मोकळं होतं. उद्या ती तुला देईल. आणि तक्रार केली तर?"

"करू दे."

"दीड वर्ष राहिलंय गं तुझं. एवढी वर्षं सरळ चाललीस, आता आपणहून खड्ड्यात पाय?"

"ताई, खड्डा मीच खणलाय."

ताईने दार सोडलं. "छत्री घे," एवढंच म्हणाली, जरी बाहेर स्वच्छ ऊन होतं.

कारागिराचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली त्याचं दुकान, फळी लावलेलं, फळीवर तिसऱ्या स्तरातला वेळापत्रकाचा कागद अजून तसाच. जिना अरुंद. बाईंनी तिसऱ्या मजल्यावर घंटा दाबली आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभ्या राहिल्या, अंतरासाठी.

मुलीने दार उघडलं. तिच्या मागे खोलीत पुठ्ठ्याची खोकी दिसत होती, एका खुर्चीवर इस्त्री केलेले शर्ट. तिने बाईंना ओळखलं. चेहरा अर्धा झाकलेला असला तरी डोळ्यांनी ओळखल्याचं कळतंच.

"तुम्ही?"

"मला एक सांगायचंय. मग मी जाते." बाईंनी ते वाटेत चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं, तरी गाडी रुळावरून घसरली. "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. आत नऊच होते. मी स्वतःला दहावी धरलं. धरायचं नव्हतं. मला सवय आहे, सहलीत... ते जाऊ दे. जागा होती. मी तुम्हाला चुकून अडवलं."

मुलगी चौकटीला टेकली. खाली रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली, तिचा आवाज जिन्यात चढला आणि उतरला.

"जागा होती," ती म्हणाली.

"होती."

"मी नाक्यानंतर चहाला थांबले होते. दहा मिनिटं. रात्रभर गाडी चालवली होती, डोळे मिटत होते. मंगळवारपासून मी त्या चहाला धरून बसलेय. थांबले नसते तर त्या गिऱ्हाइकांच्या आधी पोचले असते, दहांत आले असते. चार दिवस मी दुसरा विचार केला नाही." तिने बाईंकडे नीट पाहिलं. "म्हणजे चहाचा काही संबंध नव्हता."

"नव्हता."

"मी आल्यावरही वेळ होता."

"सात मिनिटं होती," बाई म्हणाल्या. त्यांना आकडा माहीत होता, म्हणून त्यांनी सांगितला, आणि सांगितल्यावर त्यांना तो ऐकू आला.

मुलगी हळूच दाराबाहेरच्या वरच्या पायरीवर बसली. बाईंना वाटलं, आता शिव्या देईल. त्या तयार होत्या. पण ती म्हणाली, "मग तुम्ही सांगा. माझ्या जागेवर तुम्ही उभ्या होतात ना? आत काय झालं ते सांगा. दादा काही बोलत नाही."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. गाडी दहा वीसला आली. पाट मंडपात आणला दहा सव्वीसला. डोक्याकडे मुलगा, डावीकडे सून, उजवीकडे भाऊ, मागे दोन शेजारी, त्यांच्या मागे बाकीचे चौघे. भावाने दोनदा घड्याळ पाहिलं. सुनेला खोकल्याची उबळ आली तेव्हा सगळे एक पाऊल मागे सरले. जोडीदार काहीतरी पुटपुटत होता, शब्द ऐकू आले नाहीत.

"कुणी रडलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "नाही," बाई म्हणाल्या. "जोडीदाराने चष्मा पुसला."

"बाबांना कुणी हात लावला? शेवटी?"

"नाही. मनाई होती. मीच सांगितलं होतं, पाटापासून लांब राहा म्हणून."

मग तिने विचारलं, "चेहरा कसा होता?"

बाईंनी आठवून पाहिलं. पाटाची चाकं आठवली, फरशीवरच्या खुणा आठवल्या, नऊ जणांची डोकी एकामागून एक आठवली. तेवढंच.

"झाकलेला होता का?"

"नाही. उघडा होता."

"मग?"

"मी पाहिला नाही," बाई म्हणाल्या. "मी माणसं मोजत होते."

बाईंनी जिन्याचा कठडा धरला.

"लिहून द्या," मुलगी म्हणाली.

"काय?"

"हेच. दादाला दाखवायचंय. तो म्हणतो मी उशिरा आले, नियम म्हणजे नियम. आणि तुमच्या कचेरीत देणार आहे. चालेल?"

"तक्रार घेणारी खिडकी पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याच्या डावीकडे," बाई म्हणाल्या. "आज एकपर्यंत उघडी असते. अर्जाला पोच मागा, नाहीतर गहाळ होतो."

मुलीने आतून एक कोरा कागद आणला, वडिलांच्या दुकानाचा, वर शिवणयंत्राचं छोटं चित्र असलेला. तो तिने मधल्या पायरीवर ठेवला आणि मागे झाली. बाईंनी कागद भिंतीला लावला आणि उभ्या उभ्या लिहिलं. तारीख, वार, वेळ. मर्यादा दहा. उपस्थित नऊ. मृताची मुलगी दहा वाजून चौतीस मिनिटांनी फाटकावर आली. मोजणीदाराने स्वतःला संख्येत धरल्यामुळे तिला प्रवेश नाकारला. एक जागा रिकामी होती. खाली सही, सहीखाली ओळखपत्राचा क्रमांक. अक्षर नेहमीसारखं, फळ्यावर लिहावं तसं सुटं.

मुलीने कागद उचलून वाचला. सावकाश, दोनदा. मग परत पायरीवर ठेवला.

"'रिकामी होती' खोडा," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"रिकामी कशी? माझी होती."

बाईंनी खोडलं. एकच रेघ मारली, शाळेत शिकवतात तशी, खालचं वाचता यावं म्हणून. वर लिहिलं, ती जागा तिची होती. खोडलेल्या ठिकाणी पुन्हा सही केली.

मुलीने कागद घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. ती पायात चपला सरकवू लागली. "बाजूला व्हा," ती म्हणाली, आणि बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मुलगी त्यांच्या शेजारून, अंतर-बिंतर न पाहता, भराभर जिना उतरून गेली.

बुधवारी साहेबांचा फोन आला. बाई फाटकावर होत्या. पाचवा स्तर होता, सकाळपासून सहा गाड्या झाल्या होत्या आणि प्रत्येकीमागे पाच.

"बाई, हा कागद काय आहे? शिवणयंत्राचं चित्र आहे वर. तुमच्या नावाने कुणीतरी लिहिलंय असं म्हणू का मी? म्हणतो. चौकशी लागणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

"अक्षर माझंच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "सहीही माझीच. दोन्ही ठिकाणची."